सायकल डाव्या हाताला

मी रस्त्यावर पट्टे मारतो. पांढरे, पिवळे, सरळ, तिरके, सांगाल तसे. बत्तीस वर्षं झाली. हाताखाली पाच माणसं आहेत. माझी रेघ बोटभर जरी हललेली कोणी दाखवली तर मिशी उतरवून देईन, असं मी छाती ठोकून सांगायचो. हल्ली सांगत नाही.

कालव्याकाठचा तो नवा रस्ता आमच्याकडे आला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. चार मीटर रुंदी. त्यातला अर्धा सायकलवाल्यांना, अर्धा पायी चालणाऱ्यांना. मध्ये ना कठडा, ना पायरी, फक्त आमची पांढरी रेघ. आता तुम्हीच सांगा, रेघेला कोण भीक घालतं? असल्या कुठल्याही रस्त्यावर पायी चालणारे चौघं चौघं ओळीने, घरच्या अंगणात फिरल्यासारखे. सायकलवाले मागे कुत्रं लागल्यासारखे सुटलेले. दोघांनाही वाटतं, रस्ता आपल्याच वडिलांनी बांधलाय. घंटी वाजवली की चालणारा हमखास नको त्या बाजूला उडी मारतो, आणि नाही वाजवली तर सायकलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी दोघांनाही मनसोक्त शिव्या घालायचो. आमच्या कामात तेवढीच करमणूक.

काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण घोळ तिथेच झाला. आधी खडू लावलेली दोरी ताणून रेघ आखायची. मग भट्टीत वितळवलेला रंग गाड्यात ओतून तिच्यावरून गाडा ढकलायचा. रंग ओला असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकायचे, म्हणजे अंधारात चमकतो. आणि दर तीस पावलांवर पत्र्याचा साचा ठेवून चित्र उमटवायचं, एका बाजूला सायकल, दुसऱ्या बाजूला चालणारा माणूस. रस्ता लांब होता आणि दिवस थोडे, म्हणून साहेबांनी दोन टोळ्या लावल्या. मी पुलाकडून यायचं, दुसऱ्या टोळीचा मुकादम गिरणीकडून येणार. त्याची मान लांब, म्हणून त्याला सगळे उंट म्हणतात. तो मला दादा म्हणतो.

नकाशा साहेबांच्या गाडीत. तो कधी बघायची आम्हाला सवयच नाही. साहेबांनी गाडीच्या खिडकीतून सांगितलं, "सायकल डाव्या हाताला." मी म्हटलं, "बरं." उंटालाही त्यांनी तेच सांगितलं, तोही म्हणाला, "बरं." मी पुलाकडून निघालो, माझ्या डाव्या हाताला पाणी. तो गिरणीकडून निघाला, त्याच्या डाव्या हाताला भिंत. झालं. चार दिवस दोघंही मान खाली घालून काम करतोय.

पाचव्या दिवशी पंपघराच्या वळणावर भेटलो. रेघेला रेघ अशी जुळली की दोरा ओवावा. उंटाने माझ्या पाठीत थाप मारली, मी चहा मागवला. पेला तोंडाला लावला आणि माझी नजर खाली गेली. भिंतीच्या बाजूला त्याच्या हद्दीत सायकल, आणि दहा पावलांवर, त्याच भिंतीच्या बाजूला, माझ्या हद्दीत चालणारा माणूस.

"दादा," उंट म्हणाला, "आपण येड्यासारखं केलं की हो."

साहेबांना फोन न करता मी त्यांच्या गाडीवाल्याला गाठलं आणि नकाशा बघितला. सायकल भिंतीच्या बाजूला, चालणारे पाण्याच्या बाजूला. बाकडी पाण्याकडेच होती, डोळे उघडे असते तर नकाशाची गरज नव्हती. उंट बरोबर होता, अर्थात चुकून. चूक माझी होती. पुलापासून वळणापर्यंतची सगळी, माझी.

"खरवडू या," उंट म्हणाला. "माझीही माणसं देतो."

भट्टीतला रंग एकदा रस्त्याला धरला की तो खरवडणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. आठवडा गेला असता, आणि दोन दिवसांनी रस्ता उघडायचा होता. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे बत्तीस वर्षांनी माझी रेघ चुकली असं साहेबांसमोर कबूल करायला माझी जीभ रेटेना. मी उंटाला म्हटलं, "इथेच बाजू बदलू. वळणाच्या पुढे, पुलाच्या अंगाला, चार तिरके पट्टे मारतो. लोकांना वाटेल मुद्दामच केलंय."

"वळणावरून येणाऱ्याला ते दिसायचे नाहीत, दादा. पंपघर आड येतंय."

"देवाने डोळे कशाला दिलेत लोकांना?" मी त्याच्यावर खेकसलो. चार तिरके पट्टे मी स्वतःच्या हाताने मारले, आणि खरं सांगतो, ते फार सुरेख आले. साहेबांनी पुलावरूनच गाडीतून नजर टाकली आणि सही केली.

आता सिस्टरबद्दल सांगायला हवं. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. आईला साखरेचा आजार, त्यात घोट्याजवळची जखम पाच महिने भरत नव्हती. एक दिवसाआड पट्टी बदलायला घरोघरी जाणारी सिस्टर यायची. पंचविशीतली असेल. सायकलवरून यायची, दारात सायकल टेकवायची आणि आत आली की आधी आईशी भांडायची. "आजी, काल पुन्हा गोड खाल्लंत ना? खोटं बोलू नका, जखम माझ्याशी बोलते." आई लहान मुलीसारखी ओशाळायची. मला ती काका म्हणायची. पट्टी सोडताना आई कधी हूं की चूं करत नसे, एवढा त्या पोरीचा हात हलका.

रस्ता उघडून महिना झाला असेल. एका सकाळी ती आली ती चालत. कोपराला पट्टी, चेहरा उतरलेला. आईने विचारलं, "काय गं पोरी, पडलीस कुठे?" तशी ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

परवा सकाळी ती कालव्याकाठून गिरणीकडून पुलाकडे चालली होती. सायकलच्या बाजूने, भिंतीला धरून. पंपघराचं वळण घेतलं आणि समोर एक आजोबा. ब्रेक दाबला, पण थांबता थांबता हँडल त्यांना लागलं आणि ते पडले. मांडीचं हाड मोडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारे.

"मी चालणाऱ्यांच्या बाजूला गेले होते," ती म्हणाली. "नंतर पाहिलं तर खाली माणसाचं चित्र होतं. मला कळलंच नाही मी कधी तिकडे गेले. आता चौकशी होणार. माझी चूक ठरली तर घरोघरी जायचं काम काढून घेतील. काढलं तर काढलं. पण त्यांचं हाड मोडलं हो काका, माझ्यामुळे."

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभा. आणि तिने डोळे पुसून माझ्याकडे बघितलं.

"काका, तुमचं तर हेच काम. तुम्ही खरं सांगाल. चूक माझी होती ना?"

सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. पण बाहेर आलं ते दुसरंच. मी म्हटलं, "आता माणसाचं चित्र होतं म्हणतेस, म्हणजे बाजू चालणाऱ्यांचीच. सायकलवाल्याने बघायला नको का?"

तिने मान हलवली, जणू डॉक्टरने निदान सांगावं आणि पेशंटने ऐकावं. मग उठली, हात धुतले, आईची पट्टी बदलली. नेहमीसारखीच, न दुखवता. आई मला म्हणाली, "अरे, जरा गोड शब्दांत सांगायचंस." मी पातेलं आपटून बाहेर गेलो. राग कोणाचा आला होता? स्वतःचाच. पण तो काढला पातेल्यावर.

त्या दिवशी दुपारी मी वळणावर गेलो. पोरीचा टायर घासलेला काळा डाग माझ्या पट्ट्यांच्या अलीकडेच होता, चार पावलं अलीकडे. म्हणजे पट्टे दिसायच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं. उंट म्हणाला होता तसंच. दोघंही आपापल्या बाजूने नीट चालले होते. आजोबा माझ्या चित्रावर विश्वास ठेवून, पोरगी उंटाच्या. मी तिथल्या बाकड्यावर बसलो. समोरून एक बाई मुलाला हाताला धरून आली, तिच्या मागून एक सायकलवाला घंटी बडवत. शिवी घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणत्या तोंडाने घालणार?

तिसऱ्या दिवशी हिंमत करून मी रुग्णालयात गेलो. म्हटलं, ज्याचं हाड मोडलं त्याला आधी सांगावं, मग पुढचं बघू. आजोबांचा पाय वजन लावून टांगलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून नर्सशी वाद चाललेला. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. डावा हात, उजवा हात, नकाशा, तिरके पट्टे, सगळं.

त्यांनी चष्मा काढून चादरीला पुसला. मला वाटलं आता काठी घेतील.

"म्हणजे त्या पोरीची चूक नाही?"

"नाही, आजोबा."

"कोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच पहिल्यांदा."

"मग आता कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. त्यांनी मान वळवली, पण बोलत राहिले. "रोज संध्याकाळी येते ती. पेपर वाचून दाखवते, नखं कापून देते. माझ्या मुलाला गेल्या चार वर्षांत इकडे यायला सवड झाली नाही. चूक तिची नाही असं कळलं तर ती कशाला येईल? पाय काय, जुळेल. नाहीतर नाही जुळणार. तू आपला गप्प राहा."

मला म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला हायसं वाटलं. आयती पळवाट मिळाली. ज्याला लागलं तोच नको म्हणतोय, मग मी कोण मोठा हरिश्चंद्र लागून गेलो? घरी आलो, दोन घास जास्त जेवलो. आई म्हणाली, "आज कसा माणसात आलास." आठवडाभर मी ते पांघरूण ओढून बसलो.

सिस्टर मात्र सुकत चालली. चालत यायची, त्यामुळे उशीर व्हायचा, मग पुढच्या घरी बोलणी खायची. एकदा मी म्हटलं, "अगं, सायकल का नाही काढत?" ती म्हणाली, "हँडल धरलं की हात थरथरतात, काका. मला वाटतं मी पुन्हा कोणाला तरी मारणार." आईशी भांडणंही बंद. आईने मुद्दाम गोड खाल्ल्याचं कबूल करून पाहिलं, तरी पोरगी नुसती "बरं" म्हणाली. त्या रात्री आई जेवली नाही.

मग एक दिवस जाताना ती दारात घुटमळली. "काका, गुरुवारी चौकशी आहे. माझं असं इथे कोणी नाही. तुम्ही याल का माझ्यासोबत? नुसते बसा हो. तुम्ही असलात की बरं वाटेल."

"येईन की," मी म्हटलं. अजून काय म्हणणार?

गुरुवारी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधोमध अध्यक्ष बाई, एका बाजूला सिस्टरच्या कार्यालयातला माणूस, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब. मला बघून साहेबांनी भुवई उंचावली. मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसलो. पोरगी समोर, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत शिक्षेला बसवल्यासारखी.

अध्यक्ष बाईंनी तिचा लेखी जबाब वाचायला घेतला. पहिलं पान झालं. मग दुसऱ्या पानावर त्या म्हणाल्या, "'माझी चूक होती की नाही याबद्दल सुरुवातीला माझ्या मनात शंका होती. कारण मी शेवटचं चित्र पाहिलं ते सायकलचं होतं. पण रस्त्यावर पट्टे मारण्याचं काम बत्तीस वर्षं करणाऱ्या एका जाणकार माणसाला मी विचारलं. त्यांनी बाजू चालणाऱ्यांचीच होती असं सांगितल्यावर माझी शंका राहिली नाही. मी चूक मान्य करते.'"

तिला शंका होती. म्हणजे तिला बरोबर दिसलं होतं. तिने शेवटचं चित्र सायकलचं पाहिलं होतं आणि ते तिला आठवत होतं. पण माझ्या शब्दापुढे तिने स्वतःचे डोळे खोटे ठरवले. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "मग यात आणखी विचारण्यासारखं काही उरत नाही," आणि त्यांनी पेन उचललं.

"उरतं," मी म्हटलं.

उभा कधी राहिलो ते मला आठवत नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही बसा, तुम्हाला कोणी विचारलेलं नाही." मी म्हटलं, "साहेब, मलाच विचारायला हवं होतं. तो जाणकार माणूस मीच." आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. नकाशा बघितला नाही इथपासून ते पट्टे स्वतःच्या हाताने मारले इथपर्यंत. साहेबांचा चेहरा विटेसारखा झाला, कारण पुलावरून केलेली सहीही त्यात आली. आजोबांचं मात्र काही बोललो नाही. ते मी अजूनही कोणाला बोललेलो नाही, तुम्ही पहिलेच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चौकशीचा विषय आता बदलला आहे," त्या म्हणाल्या. "ह्या मुलीला जाऊ द्या."

मला वाटलं होतं पोरीच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल. निदान रडेल. ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. अगदी शांतपणे तिने एकच विचारलं.

"काका, मी तुमच्या घरी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

तिने आपली पिशवी उचलली आणि ती गेली.

पुढचं थोडक्यात. माझं मुकादमपण गेलं, उंटाला मिळालं. मला त्याबद्दल तक्रार नाही. पुलापासून वळणापर्यंतचं सगळं खरवडून नव्याने मारायचं काम मी मागून घेतलं. उंटाने माणसं देऊ केली, मी नको म्हटलं. म्हाताऱ्याची भीती खोटी ठरली. पोरगी त्याच्याकडे अजून रोज जाते, पेपर वाचते, आता त्याला आधार देऊन चालवतेही. आमच्याकडेही वेळेवर येते. आईशी पुन्हा भांडायला लागलीय, आईचा जीव भांड्यात पडलाय. मला म्हणते, "कोमट पाणी द्या." मी देतो. तेवढंच.

परवा मी पंपघराजवळ होतो. गुडघे टेकून, हातात खरवडणी. शेवटचं चित्र निघालं होतं, नवं सायकलचं चित्र भिंतीच्या बाजूला उमटवून वाळलंही होतं. तिरके पट्टे गेले होते. गिरणीकडून ती आली. सोबत सायकल होती, पण ती हाताने ढकलत होती, आणि चालणाऱ्यांच्या बाजूने. वळणाशी येऊन थांबली. खाली बघितलं, मागे वळून बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

मला इतका आनंद झाला की मी खरवडणी टाकून उठलोच. "बस बस, सायकलवर बस," मी म्हटलं. "आता इकडून तिकडून सगळं एकसारखं आहे. सायकल भिंतीकडे, थेट पुलापर्यंत. बिनधास्त जा. मी सांगतो ना."

ती माझ्याकडे बघून किंचित हसली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही सांगता म्हणूनच नाही बसवत, काका," ती म्हणाली, आणि सायकल ढकलत पुलाकडे चालत गेली.